ताटातला ओढा

दिवाळीच्या सुमारास तळेघरच्या एखाद्या ओढ्यात उतरावं. पाऊस सरलेला असतो, पण डोंगर अजून पाणी सोडत असतो. खाचरांत भात कापणीला आलेलं असतं, कुठे बांधावर पेंढ्या पडलेल्या असतात. आषाढात तांबडा होऊन धावणारा ओढा आता इतका नितळ असतो की तळाचा दगड न् दगड मोजून घ्यावा. जिथे पाणी खळाळतं तिथला नारळाएवढा एक दगड निवडायचा, अलगद उचलायचा, उलटा करायचा आणि उन्हाकडे धरायचा.

आधी काहीच दिसत नाही. ओला काळा पाषाण, थोडं शेवाळ. नजर स्थिरावली की दगडाचाच एक ठिपका सरकतो. मग दुसरा. नखाएवढा, कागदासारखा चपटा जीव. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, शेपटीला केसासारखे लांब धागे. पोटाच्या दोन्ही कडांना बारीक पानांच्या रांगा असतात आणि दगडावर पाण्याचा पापुद्रा शिल्लक असेपर्यंत ती पानं थरथरत राहतात. ते त्याचे कल्ले. आपण दगड हातात धरून बघत असतो तेवढा वेळ तो जीव श्वासासाठी झगडत असतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा ही गोष्ट लक्षात यायला मला जरा उशीरच झाला. तेव्हापासून दगड हातात फार वेळ धरत नाही.

हे मेफ्लायचं पिल्लू. रोजच्या मराठीत त्याला वेगळं नाव नाही. आपल्या भाषेनं पाण्यातल्या ज्या जिवांना नावं दिली ते बहुतेक एक तर खाण्याचे, नाही तर चावण्याचे. खेकडा, मुठा, चिंबोरी, झिंगा, शिंपला, जळू, पाणविंचू. उरलेले बहुतेक नुसते किडे. पण ओढ्याची तब्येत सांगण्याचं काम हे बिननावाचे किडेच सर्वांत चांगलं करतात, आणि जगभरच्या नदी-अभ्यासकांनी गेली शंभरहून अधिक वर्षं त्यांचीच साक्ष काढलेली आहे.

मंचरहून घोडेगाव आणि डिंभे मागे टाकून भीमाशंकरला जाणारा रस्ता तळेघरला डोंगरावर येतो. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिमेचा पट्टा, वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भाताची खाचरं, वरकस रानात नाचणी आणि वरई, जंगलात हिरडा. पुढे भीमाशंकरचं अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं, शेकरूसाठी नावाजलेलं. या डोंगराच्या एका अंगाचं पाणी घोड नदीला जातं आणि डिंभ्याच्या हुतात्मा बाबू गेनू सागरात साठतं. दुसऱ्या अंगाचं पाणी भीमेला, तिथून चासकमानला. घोडही पुढे भीमेलाच मिळते. मुळा-मुठेचं, इंद्रायणीचं पाणीही भीमेतच येतं. सगळं उजनीत गोळा होतं आणि पंढरपूरला त्याचीच चंद्रभागा होते. वारकरी ज्या पाण्याचं तीर्थ घेतो, त्यातले काही थेंब तळेघरच्या दगडांवरून, त्या थरथरणाऱ्या कल्ल्यांमधून गेलेले असतात.

पाण्याची तपासणी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर बाटली येते. बाटलीत पाणी भरायचं, प्रयोगशाळेत पाठवायचं, आकडे येतात. ते हवेतच. पण बाटली सांगते ते त्या घटकेचं. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणी फवारणीचा पंप रात्री धुतला, तर सकाळी बाटली भरेपर्यंत ते पाणी कोस दोन कोस खाली गेलेलं असतं. मासे मारायला ब्लीचिंग पावडर किंवा शेतीचं औषध ओतण्याची वाईट खोड सह्याद्रीत अनेक ठिकाणी शिरली आहे. तिचाही माग दोन दिवसांनी बाटलीत लागत नाही. दगडाखाली मात्र लागतो. मेफ्लाय आणि तिच्यासारखीच दगडाखाली वाढणारी स्टोनफ्लाय यांची पिल्लं आठवडेच्या आठवडे, काहींची महिनेच्या महिने त्याच पाण्यात काढतात. त्यांना ओढा सोडून पळता येत नाही. त्या रात्री जे झालं ते त्यांच्यावरून गेलेलं असतं, आणि पुढे कितीतरी दिवस ती जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा वाचता आली पाहिजे.

सगळे किडे सारखे नाजूक नसतात, आणि किड्यांवरून पाणी पारखण्याची पद्धत त्या फरकावरच उभी आहे. मुळाशी आहे हवा, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. समुद्रसपाटीला २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पाणी ३० अंशांवर गेलं की साडेसातच. डोंगरावर हवा विरळ, त्यामुळे आणखी कमी. सांडपाणी, शेण, कुजणारा पाला वाजवीपेक्षा जास्त आला की त्यावर वाढणारे जिवाणू हाच ऑक्सिजन खाऊन टाकतात. खळाळत्या पाण्याची सवय असलेल्या स्टोनफ्लायला हे सहन होत नाही. तिचे कल्ले पायांच्या मुळाशी झुबक्यासारखे असतात, पाणी थंड आणि हलतं असेल तरच ते पुरे पडतात. दुसऱ्या टोकाला शहराच्या नाल्यातल्या लाल अळ्या. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीची ही पिल्लं. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तासारख्याच हिमोग्लोबिनचा. अगदी तुटपुंज्या ऑक्सिजनवरही त्या गाळात तग धरतात. पुण्यात मुठेच्या काठी काळ्या गाळाचा चमचाभर ढेकूळ उचललं तर ही लाल वळवळ दिसते. तिथे तीच एक उरलेली असते, बाकीचे गेलेले असतात.

या दोन टोकांच्या मधे केवढी तरी दुनिया आहे. कॅडिसची अळी तोंडातून रेशीम काढते. काही जाती त्या रेशमानं वाळूचे कण, पानाचे तुकडे चिकटवून स्वतःभोवती घर बांधतात आणि ते घर ओढत फिरतात. एका जातीचं वाळूचं घर शंखासारखं इतकं वेटोळं असतं की १८३४ साली अमेरिकेत आयझॅक ली या शंख-शिंपल्यांच्या जाणकारानं त्याला गोगलगाय समजून नाव देऊन टाकलं होतं. दुसऱ्या काही जाती घर न बांधता दोन दगडांच्या सांध्यात बारीक जाळं लावतात आणि वाहून येणारं खातात, अगदी आपल्याकडे ओहोळाच्या तोंडाशी मासे धरायला लावतात तसं. चतुरांची पिल्लं वाळूत दबा धरून बसतात. काळ्या माशीच्या अळ्या पाण्याच्या ऐन धारेत रेशमाच्या टिकलीवर पाय रोवून उभ्या राहतात आणि डोक्यावरच्या पंख्यांनी पाणी गाळून घेतात. संथ डोहावर पाणनिवळ्या चालत असतात. खालच्या पाल्यात झिंगे, कपारीत खेकडी.

ही मंडळी कोण, हे पाहायला यंत्र लागत नाही. एक जाळी, एक पांढरं ताट, एक मऊ ब्रश, एक भिंग. जाळी प्रवाहाला आडवी धरायची, तिच्या वरच्या अंगाला पायानं तळ ढवळायचा. इंग्लंडमधल्या पद्धतीत हे मोजून तीन मिनिटं करतात. जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ताटात पाणी घालून सोडायचं आणि थांबायचं. पाला-गाळ स्थिर झाला की ताट जिवंत होतं. कुणी सरपटतं, कुणी धनुष्यासारखं वाकून झेप घेतं, कुणी गोल गोल फिरतं. कूळ ओळखता आलं तरी पुरे, जात ओळखायची गरज नाही.

इंग्लंडमध्ये १९७६ साली यासाठी एक गट नेमला गेला आणि त्यानं प्रत्येक कुळाला १ ते १० गुण दिले. चपट्या मेफ्लायला १०, स्टोनफ्लायला १०, वाळूतल्या चतुराला ८, जाळंवाल्या कॅडिसला ५, काळ्या माशीला ५, पोहणाऱ्या छोट्या मेफ्लायला ४, लाल अळीच्या कुळाला २, गांडुळाच्या भाऊबंदांना १. समजा ताटात दोन तऱ्हांच्या नाजूक मेफ्लाय, स्टोनफ्लाय, चतुर, कॅडिस, काळी माशी, छोटी मेफ्लाय आणि लाल अळीची भावंडं अशी आठ कुळं आली. बेरीज ५४, सरासरी पावणेसात. शहरातल्या नाल्यात लाल अळी, गांडूळवर्गी, एक साधी गोगलगाय आणि जळू मिळाली तर बेरीज ९, सरासरी सव्वादोन. हा हिशेब पाचवीतल्या मुलाला येतो.

मला याहून आवडते ती दुसरी मोजणी, कारण तिला कुळाचं नावही लागत नाही. ताटातला एक प्राणी ब्रशनं उचलायचा, मग दुसरा, आणि एवढंच सांगायचं की हा आधीच्यासारखा आहे का वेगळा. वेगळा आला की नवी फेरी. वीस प्राण्यांत पंधरा फेऱ्या झाल्या तर पाऊण गुण, तीनच झाल्या तर ०.१५. पूर्ण गुण एक. निरोगी ओढ्यात प्राणी सतत बदलतात, आजारी ओढ्यात एकच एक येत राहतो. जॉन केर्न्स या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली ही रीत मांडली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं या दोन्ही मोजण्या एकत्र करून भारतीय नद्यांसाठी पट्टी बसवली, नेदरलँड्सच्या मदतीनं यमुनेवर काम करताना. पाच वर्ग, प्रत्येकाला रंग. स्वच्छ पाण्याला निळा, अतिप्रदूषित पाण्याला लाल.

पट्टी आहे, रंग आहेत. तरीही आपल्या नद्यांचा निवाडा अजून बाटलीवरच होतो. २०१८ साली याच केंद्रीय मंडळानं देशभरातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भीमा, सगळ्या त्यात आहेत. ती यादी एकाच कसोटीवर ठरली: पाण्यातली घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर आहे का. कसोटी चुकीची नाही, पण ती घाणीचं माप घेते. नदीत जगतंय कोण, हा प्रश्न त्या यादीनं विचारलेलाच नाही. मला ही मोठी उणीव वाटते. दवाखान्यात ताप मोजून माणसाला घरी पाठवावं, नाडीला हातही लावू नये, त्यातला हा प्रकार.

या विद्येची मुळं आपल्याकडे नवीनही नाहीत. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०२ पासून सांडपाण्याच्या नद्यांतल्या जिवांची यादी लावायला सुरुवात केली आणि १९०८-०९ मध्ये ती पुरी केली. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९१९ साली, नेल्सन अॅनन्डेल यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या प्राण्यांवर एक दीर्घ निबंध लिहिला. अॅनन्डेल हे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस सह्याद्रीतल्या ओढ्यांत उतरून दगड उलटत होता, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. पुढे त्याच संस्थेतले सुंदरलाल होरा यांनी १९३० साली डोंगरी प्रवाहातले प्राणी वाहून कसे जात नाहीत यावर मूलभूत काम प्रसिद्ध केलं. अलीकडे के. ए. सुब्रमण्यन आणि के. जी. शिवरामकृष्णन यांनी २००७ मध्ये, ‘अत्री’ या बंगळूरच्या संस्थेकडून, पाण्यातल्या कीटकांवरून गोड्या पाण्याची पारख कशी करावी याची पुस्तिका काढली. सह्याद्रीच्या ओढ्यांतली कुळं ओळखायला तिच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही. ती मराठीत यायला हवी होती.

मात्र परक्या मुलखातली पट्टी तळेघरला जशीच्या तशी लावली तर ती फसवते. वर मांडलेला हिशेब पाहा. नाजूक कुळांनी भरलेल्या ओढ्याची सरासरी पावणेसात निघाली, आणि केंद्रीय मंडळाच्या पट्टीवर पहिल्या वर्गासाठी ७ लागतात. पाणी निर्मळ असूनही सर्वत्र आढळणारी लाल अळीची भावंडं सरासरी खाली ओढतात. दुसरी गोष्ट पावसाची. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. जुलैमध्ये ओढा आपल्या पोटातले धोंडेही गडगडवतो. त्यानंतर लगेच जाळी लावली तर ताट रिकामंच येणार, त्यात दोष कुणाचाच नाही. मे महिन्यात वाहतं पाणी थांबलेलं असतं, डोहच काय ते उरलेले असतात. डोहात चपटी मेफ्लाय मिळणार नाही, पाणढेकूण आणि पाणविंचू मिळतील. त्यावरून ओढा घाण झाला असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो फक्त उन्हाळ्यात आहे. हिमालयातल्या नद्यांसाठी युरोपीय आणि नेपाळी अभ्यासकांनी मिळून स्वतंत्र गुणतक्ता बांधला. सह्याद्रीच्या चार महिने फुगणाऱ्या आणि चार महिने आटणाऱ्या ओढ्यांनाही त्यांचा स्वतःचा तक्ता हवा.

तळेघरसारख्या जागेचं महत्त्व मला इथेच दिसतं. खालची नदी किती बिघडली हे सांगायला न बिघडलेली नदी कुठे तरी पाहून ठेवलेली असावी लागते. देवराईतून येणारा ओढा पाहावा. आहुप्याची देवराई या भागात प्रसिद्ध आहे, तशा लहान-मोठ्या राया अजून टिकून आहेत. झाडांची सावली पाण्यावर असते, पाला पडतो, तो पाला काही किडे कुरतडतात, त्यांनी केलेला भुगा खालचे गाळून खातात. डोंगरी ओढ्याची चूल पानांवर पेटते. झाडं तोडली की पाण्याला काही न होताही ताटातले चेहरे बदलतात: पालाखाऊ जातात, शेवाळ खरवडणारे वाढतात.

आणि वरचे ओढे बदलायला लागले आहेत. श्रावणात आणि महाशिवरात्रीला भीमाशंकरला जाणारी गर्दी मागे प्लास्टिक ठेवून जाते. खाचरांत तणनाशक आलं आहे. कपडे दगडावर आपटून धुण्याच्या जागी पावडरचा फेस आला. पण माझ्या मते सर्वांत मोठा घाव मातीचा आहे आणि तो कुणाला घाव वाटत नाही. रस्ता रुंद करताना, डोंगर कापून प्लॉट पाडताना निघालेली माती पावसात ओढ्यात येते. बाटलीत ती खाली बसते, वरचं पाणी तपासणीत उत्तीर्ण होतं. पण दगडांच्या मधल्या ज्या फटींत हे जीव राहतात, त्या लिंपल्या जातात. घराची सगळी दारं चिखलानं बुजवल्यासारखं होतं. याच तालुक्यातल्या माळीण गावानं ३० जुलै २०१४ रोजी डोंगराची माती सुटली की काय होतं ते सोसलं आहे. माती धरून ठेवणं इथे जिवाचं काम आहे. पडकईनं, म्हणजे गावानं मिळून उतारावर घातलेल्या ताली आणि बांधांनी, शेतातली माती शेतात राहते, आणि खालच्या ओढ्यातल्या फटी उघड्या राहतात. हा दुसरा फायदा आजवर कुठल्या अहवालात मांडला गेलेला माझ्या वाचनात नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ताटात स्टोनफ्लाय मिळाली म्हणून ते पाणी ओंजळीनं प्यावं असं नाही. गुराढोरांच्या, माणसांच्या विष्ठेतले रोगजंतू या किड्यांना त्रास देत नाहीत, आपल्याला देतात. पिण्याचं पाणी उकळायचं, त्यात औषध टाकायचं, त्याची जिवाणू-तपासणी करायची, हे सुटत नाही. ताट सांगतं ते ओढ्याच्या तब्येतीबद्दल.

ताट वाचायला माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मला अवघड वाटत नाही. २०१९ पासूनच्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याच्या पेटीचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. उद्भवांची पाहणी होऊन गावाला हिरवं, पिवळं, लाल कार्ड मिळतं. रंगांची भाषा गावाला माहीत आहे. त्या पेटीत एक पांढरं ताट आणि एक ब्रश वाढवायचा आहे. तळेघरच्या बाईला ओढ्यात उतरायला शिकवावं लागत नाही. कुठल्या कपारीत मुठा असतो, कुठल्या दगडाखाली हात घालू नये, चढणीचे मासे कधी वर येतात, हे तिच्या घरातच असतं. दिवाळीला एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा, त्याच जागी, त्याच तीन मिनिटांत ताट भरायचं आणि वहीत लिहायचं. दहा वर्षांची अशी एक वही झाली तर सह्याद्रीच्या तक्त्याची सुरुवात तिथूनच होईल.

मार्च सरता सरता ओढा थांबतो. आधी खळाळ जातो, मग डोहांना जोडणारी धार तुटते, शेवटी कोरडी वाळू आणि उन्हात तापलेले धोंडे उरतात. बघणाऱ्याला वाटतं, आता इथे काहीच नाही. हेच दिवस नाला खोलीकरणाचे असतात. जेसीबी उतरतो आणि दिवसभरात तळ साफ होतो. पण धोंड्याखालची वाळू हातानं उकरली की वितभर खोलीवर ती ओली लागते. त्या ओलाव्यात काहींची अंडी असतात, काहींची केसाएवढी पिल्लं, बिळाचं तोंड बंद करून बसलेला मुठा. काही जणांना पंख फुटून गेलेले असतात आणि ते वरच्या डोहाकाठच्या जांभळीच्या पानांवर बसलेले असतात. जूनमध्ये पहिलं पाणी येतं तेव्हा दगडांवर पुन्हा वस्ती होते ती या वाळूतून आणि त्या जांभळीवरून.